रावेन्नाच्या खांबांवरचे हात

इटलीतल्या रावेन्नाला येणारे बहुतेक जण बोलोन्याहून सकाळच्या गाडीने येतात, सान व्हिताले चर्चमधल्या सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा यांच्या मोझेइकसमोर (रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) माना वर करून उभे राहतात, दान्तेच्या समाधीपाशी फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. ताई आणि मीही आधी सान व्हितालेलाच गेलो. ते सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिथल्या गर्दीने जीव नकोसा झाला. एक गट हलतोय न हलतोय तोवर दुसरा आत, आणि प्रत्येक गाइडच्या तोंडी जस्टिनियन. रावेन्नात कधी पाऊलही न टाकलेला हा कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट! ज्याने इथे बसून तेहेतीस वर्षं इटलीवर राज्य केलं, त्या थिओडोरिकचं नाव तिथे मला एकदाही ऐकू आलं नाही. याचा मला मनापासून राग आला, आणि त्या रागातच हे लिहितेय.

फ्लोरेन्स आणि व्हेनिसबद्दल मी लिहिणार नाही. पाऊस, रांगा आणि महाग कॉफी, झालं.

थिओडोरिक हा ऑस्ट्रोगॉथांचा, म्हणजे गॉथ या जर्मानिक लोकांच्या एका शाखेचा राजा. त्याने आपल्या राजवाड्याजवळ एक चर्च बांधलं, आज त्याला सांत अपोल्लिनारे नुओव्हो म्हणतात. दुपारी आम्ही तिथे पोचलो तेव्हा आत मोजकी माणसं होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मोझेइकच्या लांबच लांब पट्ट्या. डावीकडे बावीस कुमारिका, उजवीकडे सव्वीस हुतात्मे, सगळे हातात मुकुट घेऊन वेदीकडे निघालेले. लोक आत येतात, ती मिरवणूक बघत पुढे सरकतात आणि मागे वळतच नाहीत.

माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: दारातून आत आलात की तिथेच थांबा आणि उजव्या भिंतीकडे बघा. तिथे राजवाड्याचं चित्र आहे, वर ‘पालातिउम’ अशी अक्षरं. मधली कमान नुसत्या सोनेरी तुकड्यांनी भरलेली. दोन्ही बाजूंच्या कमानींत पांढरे पडदे, मध्यावर गाठ मारून बांधलेले. वाडा आहे, पण वाड्यात माणूस नाही.

आम्ही बराच वेळ रेंगाळलोय हे बघून दाराजवळ बसलेल्या बाई उठून आल्या. इटालियन आम्हाला येत नव्हतं, इंग्रजी त्यांना. त्यांनी नुसतं बोट वर केलं आणि एकेक खांब दाखवत गेल्या. मग दिसलं. पांढऱ्या खांबावर एक हात, मनगटासकट, बोटं पसरलेली. पुढच्या एका खांबावर आणखी एक. हाताला दंड नाही, खांदा नाही, चेहरा नाही. जिथे माणूस असायला हवा तिथे पडदा.

‘‘अगं, यांना काढून टाकलंय,’’ ताई म्हणाली.

तसंच झालंय. कमानींत थिओडोरिकच्या दरबारातली माणसं उभी होती, मधल्या कमानीत बहुधा तो स्वतः. ५४० साली जस्टिनियनच्या सेनापतीने, बेलिसारियसने, रावेन्ना घेतलं. पुढे गॉथांची चर्चं कॅथलिकांच्या ताब्यात दिली गेली आणि ५६१च्या सुमारास आर्चबिशप आन्येल्लुसच्या काळात ही माणसं भिंतीवरून खरवडून त्यांच्या जागी पडदे बसवले. खांब मात्र तसेच ठेवायचे होते, म्हणून खांबांवर आलेले हात राहिले. वरच्या रांगेतली येशूच्या आयुष्यातली दृश्यं थिओडोरिकच्याच काळातली, त्यांना कुणी बोटही लावलं नाही. म्हणजे राग चित्रांवर नव्हता, त्या माणसांवर होता.

गुन्हा काय, तर गॉथ एरियन पंथाचे ख्रिस्ती. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, पित्याने निर्माण केलेला आहे, असं मानणारे. जवळच त्यांची बाप्तिस्म्याची छोटीशी इमारत आहे. तिच्या घुमटात येशू नदीत उभा, डोक्यावर कबूतर, भोवती प्रेषित. कॅथलिकांच्या बाप्तिस्मागृहाच्या घुमटातही तेच. मी दोन्हीकडे मान मोडेस्तोवर बघितलं, धर्मद्रोह म्हणावा असं काहीही मला सापडलं नाही.

शाळेत आपण काय शिकलो? रानटी जर्मानिक टोळ्या आल्या आणि रोम बुडालं. पण थिओडोरिक लहानपणी दहा वर्षं कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ओलीस होता. रोमन राज्य कसं चालतं हे त्याने आतून पाहिलं होतं. ४८९ साली तो तिथल्या सम्राट झेनोच्या संमतीने इटलीत उतरला, तेव्हा तिथे ओडोएसर नावाचा सेनापती राज्य करत होता. रावेन्नाचा वेढा तीनेक वर्षं चालला. शेवटी दोघांनी मिळून राज्य करायचा करार झाला आणि काही दिवसांतच, मार्च ४९३ मध्ये, थिओडोरिकने ओडोएसरला मेजवानीत स्वतःच्या हाताने कापलं. हे मी झाकणार नाही. पण त्यानंतर त्याने रोमची सिनेट चालू ठेवली, रावेन्नाला पाणी आणणारा ट्राजनचा जुना कालवा दुरुस्त केला. जिनोआच्या ज्यूंना त्याच्या नावाने गेलेल्या पत्रात म्हटलंय की धर्माची आज्ञा आम्ही देऊ शकत नाही, कारण मनाविरुद्ध विश्वास ठेवायला कुणाला भाग पाडता येत नाही. सहाव्या शतकात!

आणि सोयरिकी! बायको फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याची बहीण. एक मुलगी व्हिसिगॉथांच्या घरात, दुसरी बर्गंडियनांच्या, भाची थुरिंगियाला. बहीण अमलाफ्रिदा आफ्रिकेत व्हँडल राजाला दिली, सोबत हजार निवडक सैनिक पाठवून. पश्चिम युरोपातली जर्मानिक राज्यं त्याने नात्यांनी बांधायला घेतली होती, आणि ही नाती त्याच्या डोळ्यांदेखत तुटली. व्हिसिगॉथ जावई ५०७ साली क्लोव्हिसशी लढताना मेला. बर्गंडियन जावयाने स्वतःच्याच मुलाला, म्हणजे थिओडोरिकच्या नातवाला, मारलं. बहिणीचाही आफ्रिकेत अंत झाला. म्हातारपणी तो संशयी झाला, बोएथियससारख्या विद्वानाला त्याने मारवलं. त्याबद्दल त्याला माफी नाही. ५२६ साली तो गेला तेव्हा गादीवर लहान नातू बसला. कारभार बघणारी मुलगी अमलासुंथा, नातू गेल्यावर, ५३५ साली बोल्सेना सरोवरातल्या बेटावर मारली गेली. जस्टिनियनला इटलीवर चढाई करायला तेवढं निमित्त पुरलं. व्हँडलांचं राज्य तो आधीच जिंकून बसला होता.

त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याने लिहून ठेवलंय की बेलिसारियसची फौज रावेन्नात शिरताना बघून गॉथ बायका आपल्या नवऱ्यांच्या तोंडावर थुंकल्या: एवढ्याशा लोकांपुढे हात टेकलेत? लढाई मात्र तिथे थांबली नाही. ५५४ पर्यंत ती इटलीभर फिरली, रोम शहर पुन्हापुन्हा या हातातून त्या हातात गेलं, आणि ५६८ साली लोम्बार्ड ही आणखी एक जर्मानिक टोळी उतरली तेव्हा त्यांना अडवायला फारसं कुणी उरलं नव्हतं. लोम्बार्डांचं राज्यही ७७४ साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याने संपवलं. थिओडोरिकचा घोड्यावरचा पुतळा आणि रावेन्नाचे संगमरवरी खांब तो जर्मनीला, आखेनला घेऊन गेला. इटली उद्ध्वस्त झाली ती गॉथांच्या राज्यात नव्हे, ते राज्य मोडण्याच्या युद्धात, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर थिओडोरिकच्या समाधीला गेलो. तिकीट वेगळं काढावं लागतं, जरूर काढा. इस्ट्रियाहून समुद्रमार्गे आणलेला दगड, वरचं छत एकसंध, दहा मीटरहून रुंद आणि दोनशे टनांहून जड. ते वर कसं चढवलं असेल यावर ताई आणि मी बागेत बसून भांडलो. आत पॉर्फिरी दगडाचं जांभळं कुंड आहे. राजाची हाडं नाहीत.

गॉथ भाषेतलं बायबल, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी आणि सोनेरी शाईने लिहिलेलं, याच काळात आणि बहुधा याच गावात तयार झालं. त्याची १८७ पानं आता स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहेत. ताई थंडीचं कारण सांगतेय, पण पुढच्या उन्हाळ्यात मी तिला तिकडे नेणार आहे.