विंडोज ७ वर लिबरऑफिस बसवताना

आजचा दिवस विंडोज ७ च्या जुन्या मशिनवर लिबरऑफिस हे लिखाण-हिशेबाचं मोफत सॉफ्टवेअर बसवण्यात गेला. जे कळलं ते लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे आवृत्ती. २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढलाय, त्यामुळे २५.२ हीच शेवटची. विंडोज एक्सपी असेल तर ५.४ वर थांबावं लागतं. सिस्टीम ३२ बिट की ६४, हे आधी कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघा. ३२ बिटवर ६४ ची फाईल चालणारच नाही.

खरी अडचण पुढे येते. उघडताना 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी...' अशा नावाची डीएलएल (प्रोग्रॅम चालायला लागणारी मदतीची) फाईल नाही, असा निरोप येतो. कारण विंडोज ७ मध्ये युनिव्हर्सल सी रनटाइम, म्हणजे अशा फाईलींचा संच, मुळात नसतो. ती एकच फाईल भलत्याच साइटवरून उतरवून सिस्टीम३२ मध्ये टाकू नका, कृपा करून! आधी सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा अपडेट-संच), मग तो रनटाइम बसवणारं मायक्रोसॉफ्टचं केबी२९९९२२६ अपडेट, मग रीस्टार्ट. क्रम महत्त्वाचा, सर्व्हिस पॅक नसेल तर अपडेट बसतच नाही.

मराठीसाठी टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला (देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी) मराठी निवडा. कृतीदेव या फाँटमधली जुनी पत्रं मात्र मंगल फाँट लावून वाचता येणार नाहीत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेत. युनिकोड (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी पद्धत) कन्व्हर्टरमधून काढून प्रत्येक रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते.

आणि हो, विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० लाच बंद झालीत. अशा मशिनवर बँकेचं काम करू नका.