तुम्ही विचारलंत म्हणून: चाचणीने माणूस कळतो का?

स्टार्टअपच्या फाउंडर मंडळींबरोबर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांमधून खरंच काही कळतं का हो?"

नुसत्या चाचणीतून फारसं नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाच्या हातात 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता, तोही बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातला. मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! त्यामुळे कुणी हौसेने आपला 'टाइप' सांगायला लागलं की मी सावध होते. त्या टाइपची ढाल व्हायला वेळ लागत नाही: मी असाच आहे, तुम्ही सांभाळून घ्या.

माझा भरवसा आहे तो जोहारी खिडकीवर. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी ती १९५५ मध्ये मांडली. 'जो' आणि 'हॅरी' मिळून जोहारी. ५६ विशेषणांतली पाच-सहा आपण स्वतःसाठी निवडायची, सोबतच्यांनीही आपल्यासाठी निवडायची. त्यांनी खूण केली आणि आपण केली नाही, तो आपल्याला न दिसणारा भाग. पगारवाढीच्या दिवसांत मात्र हे करू नये, तेव्हा कुणी खरं लिहीत नाही.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीच्या फाउंडरने स्वतःसाठी पहिलं विशेषण निवडलं 'शांत'. सहा सहकाऱ्यांपैकी पाच जणांची खूण होती 'तणावाखाली' या शब्दावर. तो कागदाकडे बघत राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. शेवटी सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पेनाचं टोपण काढ-घाल करायला लागलात ना, की आम्ही वाईट बातमी उद्यावर ढकलतो."

टोपण तेव्हाही त्याच्या बोटांत होतं. कंपनीकडे पाच महिन्यांचे पैसे उरलेले. अशा वेळी एक बातमी आठवडाभर अडली तरी निर्णयाची वेळ निघून जाते, आणि ती कुणामुळे अडते हे त्या खोलीत एकट्या त्यालाच माहीत नव्हतं.

त्याने टोपण टेबलावर ठेवलं. "आत्ता कोणती बातमी राहिलीये?"

दोघांनी हात वर केले.