बोहेमियन रॅप्सडी: टोमणा बरोबर, निकाल चुकीचा

ब्रिटिश रॉक बँड क्वीनचं हे गाणं ३१ ऑक्टोबर १९७५ला ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून आलं, तेव्हा 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात समीक्षक अ‍ॅलन जोन्सने त्याची यथेच्छ टर उडवली. दक्षिण लंडनमधल्या बॅलमच्या हौशी ऑपेरा मंडळींनी चेव येऊन 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' करावं, तसं हे वाटतं, असा त्याचा सूर होता. म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या मांडवात पेटी-तबला जमवून गल्लीतल्या उत्साही लोकांनी संगीत नाटक लावावं, तसं.

हा टोमणा पुढे मूर्खपणाचा नमुना म्हणून हजारदा सांगितला गेला. पण जोन्सचे कान शाबूत होते. 'पायरेट्स' हीच मुळात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी १८७९ साली केलेली विनोदी ऑपेरा, आणि तिच्यातही गंभीर ऑपेराची खिल्ली आहेच. या गाण्यातला ३:०३ ते ४:०७ हा तुकडा त्याच जातीचा. स्कारामूश, गॅलिलिओ, फिगारो, बिस्मिल्ला हे शब्द अर्थापेक्षा जिभेवर कसे वाजतात ते बघून फेकलेले आहेत. नक्कल त्याने अचूक ओळखली. चुकलं ते 'हौशी' या शब्दात.

कारण हौशीपणा इथे औषधालाही नाही. ध्वनिमुद्रणाला वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत २४ ऑगस्ट १९७५ला सुरुवात झाली आणि नंतर आणखी चार स्टुडिओ लागले. निर्माता रॉय थॉमस बेकर. ऑपेराच्या भागात आवाज फक्त तिघांचे: वरच्या पट्टीत ड्रमर रॉजर टेलर, मधे मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, खाली गिटारवादक ब्रायन मे. बेसवादक जॉन डीकन गायलेलाच नाही. तिघांनी एकच ओळ एकत्र गायची, मग तीच पुन्हा, मग पुढचा स्वर. असे थर चढवत गेलं की तीन माणसांचा जथा होतो.

अडचण यायची ती टेपची. २ इंची टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे टिपायचे समांतर पट्टे, २४च. पियानो, बेस, ड्रम आणि गिटार बसल्यावर आवाजांना उरतात मोजके. मग काही ट्रॅक भरले की ते एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे, जुने पुसायचे आणि मोकळ्या जागेत पुन्हा गायचं. यालाच बाउन्स करणं म्हणतात. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एकदा उतरवलं की त्या आवाजांचा आपसातला तोल कायमचा ठरला; टेलर जरा जास्त झाला म्हणून नंतर कमी करता येत नाही. शिवाय अशा प्रत्येक उतरवण्यागणिक टेपचा सूंऽऽ आवाज वाढतो आणि वरच्या कंप्रता बोथट होतात. त्यात तीच टेप हेडवरून शेकडो वेळा फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा लेप झडतो. शेवटी शेवटी टेप उजेडात धरली तर आरपार दिसायचं, ही आठवण बँडने अनेकदा सांगितली आहे. आणि मर्क्युरीला दर दिवशी नवा 'गॅलिलिओ' सुचायचा, की बेकर ब्लेडने टेप कापून मधे नवा तुकडा चिकटवायचा.

हे ऐकायचं असेल तर हेडफोन लावा. मोबाइलच्या एका स्पीकरवर सगळा डोलारा सपाट होतो. पहिली ४९ सेकंदं नीट ऐका. व्हिडिओत चार चेहरे ओठ हलवतात, पण तो सगळा मेळ एकट्या मर्क्युरीचा आहे. मग 'मॅग्निफिको'कडे लक्ष द्या: शब्दातले स्वर घंटांसारखे एकापाठोपाठ एक लागतात आणि वाजत राहतात. ऑपेराच्या शेवटी, हेवी गिटार सुरू होण्याआधी, टेलरचा तार स्वर कानात सुईसारखा घुसतो. तो तसाच हवा.

लांबी ५:५५. रेडिओला तीन मिनिटांची सवय, म्हणून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला ते कापून हवं होतं. ७ इंची तबकडीलाही एवढी लांबी पेलणं सोपं नव्हतं. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खोबण कापते, आतल्या टोकाला जेमतेम २५. आतल्या खोबणीत वरचे स्वर मार खातात आणि आवाज फाटतो. या गाण्यात सर्वांत दणदणीत भाग ४:०७ला सुरू होतो, म्हणजे नेमका त्या अडचणीच्या पट्ट्याकडे सरकताना. पण तुकडा पाडला असता तर गाणंच उरलं नसतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेटने एका शनिवार-रविवारात ते १४ वेळा लावलं आणि कापायचा विषय मिटला.

ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला क्रमांक. नंतर समीक्षेचा सूर कसा फिरला ते सगळ्यांना माहीत आहे. १९७७मध्ये ब्रिटिश संगीत उद्योगानेच त्याला मागच्या २५ वर्षांतला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल ठरवलं, प्रोकोल हारम या बँडच्या एका गाण्याबरोबर विभागून. मर्क्युरी गेल्यावर १९९१च्या डिसेंबरात ते पुन्हा पाच आठवडे वर होतं. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये पियानो शिकलेल्या मुलाचं, म्हणजे मर्क्युरीचं, गाणं म्हणून आपल्याकडे त्याचं कौतुक जरा जास्तच होतं, पण ते असो.

गंमत मैफलीत होती. एवढे थर तीन गळ्यांनी मंचावर उभे करणं अशक्य, त्यामुळे ऑपेरा आली की दिवे मंद व्हायचे, चौघे आत निघून जायचे आणि टेप लागायची. गिटारच्या दणक्याला सगळे परत बाहेर. बॅलमच्या मंडळींनी निदान समोर उभं राहून गायलं असतं.