मीटरचा काटा

मालकांनी गाडी आणली तेव्हाच सांगून टाकलं, "जुनं इंजिन बांधायचं नाही, दुसरं टाकायचं." गाडी स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, ९४८ सीसीची. ते तिला कूपे, म्हणजे आखूड टपाची, म्हणतात. खरी हेरल्ड कूपे १९५९ला विलायतेत निघाली, ही मद्रासची सलून, म्हणजे साधी पूर्ण टपाची. पण गिऱ्हाइकाशी त्यावरून कशाला वाद घाला! जुन्या इंजिनाचा क्रँक शेवटच्या साइझपर्यंत घासून झालेला, बेअरिंग मिळत नव्हत्या.

मी मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं, कार्ब्युरेटरवालं इंजिन सुचवलं. जिप्सीची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सला जोडलेली नसते, मागं एका छोट्या शाफ्टवर वेगळी बसते. ती काढून ठेवली की मागची चाकं फिरवणारं साधं इंजिन-गिअरबॉक्स हातात येतं. कागदाचं मात्र आधी बोलून घेतलं. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. शिवाय २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नंबर हवा असेल, तर इंजिन मूळचंच लागतं. मालक म्हणाले, "नंबर घेऊन काय करू? मला गाडीनं अक्कलकोटला जायचंय." मंजुरीसाठी एमएच-१३च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओ हपिसात ते स्वतःच खेटे घालत होते.

बसवायचा दिवस मे महिन्यातला. शेडचा पत्रा असा तापलेला की पाना हातात धरवत नव्हता. हेरल्डचं बोनेट मडगार्डासकट पुढं उघडतं, त्यामुळं टायरवर बसून काम करता येतं. एवढं सुख नव्या गाडीत नाही. चेनकप्पीवरून इंजिन इंच-इंच सोडत होतो आणि पोरगा खालून ओरडला, "उस्ताद, थांबा! चेंबर रॅकला टेकला!"

इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर आणि स्टिअरिंगचा रॅक यांच्यात बोटभर जागा कमी पडत होती. चेसिस कापून जागा करणं अर्ध्या तासाचं काम. मी नाही म्हटलं. उद्या कुणाला जुनं इंजिन परत घालावंसं वाटलं तर? कापायचा तो चेंबर. तोही नुसता कापून भागत नाही, आतली ऑइलची जाळी सरकवावी लागते, नाहीतर पंप हवा ओढतो. वेल्डिंग झाल्यावर बाहेरून खडू फासला, आत रॉकेल ओतलं. दहा मिनिटांनी खडूवर टाचणीएवढा ओला ठिपका. परत वेल्डिंग, परत खडू. तिसऱ्यांदा पांढरा राहिला.

संध्याकाळी सातला सेल्फ मारला. दुसऱ्या झटक्याला चालू! मागच्या चाकांकडं जाणारा प्रॉपेलर शाफ्ट लेथवाल्यानं आदल्या दिवशीच जोडून दिला होता, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसचा आवाज नाही, काही नाही. मालकांचे वडील, अप्पा, रिक्षा करून आले होते. तेच पुढं बसले. होटगी रोडला लागलो, चौथा गिअर टाकला, मी खुशीत. अप्पांनी मीटरच्या काचेवर नख वाजवलं.

"काटा मेला की रे."

माझ्या पोटात गोळा आला. जिप्सीत मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, आणि ती केस माझ्या शेडमध्ये कोपऱ्यात पडलेली. हेरल्डची केबल मी दुपारी 'नंतर बघू' म्हणत गुंडाळून ठेवली होती. वीस वर्षांचा उस्ताद!

मागून मालकांनी मोबाइल पुढं केला, "अप्पा, हे बघा, बावन्न."

"त्याला काय कळतंय? साठ आहे," अप्पा म्हणाले.

मी गाडी शेडकडं वळवली.