ती खरखर मुद्दाम नव्हती

सोमवार, रात्री पावणेबारा

आज एक मेल आला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. तीन महिन्यांपूर्वी मी एका नव्या बँडच्या ईपीवर, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, रिव्ह्यू लिहिला होता, तिघंच जण, गिटार बेस ड्रम्स, चार गाणी मिळून सतरा मिनिटं, पहिलंच रेकॉर्डिंग. त्यातल्या तिसऱ्या गाण्यावर मी जरा जास्तच भाळले होते. दुसरा कोरस संपतो आणि गिटार एकदम लांब जाते, म्हणजे नुसता आवाज कमी होतो असं नाही, तर कुणीतरी गिटारवाल्याला शेजारच्या खोलीत ढकलून दार लावून घ्यावं तसं, सगळी धार जाते आणि पोकळ, घुमणारं असं काहीतरी उरतं, ड्रम्स मात्र जागच्या जागी ठणठणीत, आणि अकरा सेकंदांनी एका बारीकशा खरखरीनंतर दार धाडकन उघडतं. यावर मी अख्खा एक परिच्छेद लिहिला होता. आत्ता काढून वाचला. त्यात 'जाणीवपूर्वक' हा शब्द दोनदा आहे आणि 'अनुपस्थितीचं सौंदर्य' एकदा. देवा.

मेल ड्रमरचा. सुरुवातच 'मॅडम' अशी, तिथेच माझं वय दहा वर्षांनी वाढलं. तुमचा रिव्ह्यू आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचला, जाम भारी वाटलं, फक्त एक सांगायचं राहिलं होतं, ते तिसऱ्या गाण्यातलं ना, ती केबल होती. गिटारच्या अँपसमोरच्या, म्हणजे तिचा आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीसमोरच्या, माइकची केबल सैल होती, मध्येच गेली आणि आपोआप परत आली. त्या अकरा सेकंदांत गिटारचा जो आवाज येतो तो ड्रम्सच्या वर टांगलेल्या माइकमध्ये जाता जाता शिरलेला.

आधी खूप हसले. मग हसू गेलं. कारण हे एकदाच झालंय असं थोडंच आहे? रेकॉर्डिंग ऐकायचं आणि त्यामागे कुणाच्या मनात काय होतं ते आपणच ठरवून टाकायचं, ही रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे आणि मला ती चांगलीच आहे. गायकाचा आवाज मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, दबलेला असला की 'संकोच', स्नेअर, म्हणजे ड्रम्समधला तो कडकडीत वाजणारा, पत्र्याच्या डब्यासारखा वाजला की 'बंडखोरी'. त्या खोलीत तीनच माइक होते आणि मिक्स करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं होतं, हे कुठल्या रिव्ह्यूत कधी येत नाही.

मंगळवार

गाणं परत ऐकलं. हेडफोनवर चार वेळा. आता केबल माहीत आहे म्हटल्यावर केबलच ऐकू येते, जादू संपली वगैरे. वैतागून हेडफोन काढले, फोन उशाशी टाकला आणि फोनच्याच त्या चिमुकल्या स्पीकरवर ते गाणं तसंच चालू राहिलं.

आणि तिथे सापडलं!

फोनच्या स्पीकरला खालचे स्वर झेपतच नाहीत, त्यामुळे त्यावर बेस जवळपास नसतोच, गिटार, आवाज, झांजा एवढंच काय ते. या गाण्यातही पहिली अडीच मिनिटं बेस नाही म्हणजे नाही. २:४१ ला गिटार जाते आणि अचानक बेस ऐकू यायला लागतो. आवाज वाढवलाय म्हणून नव्हे. तो वर चढलाय. इतका वेळ खाली एका स्वरावर टिच्चून बसलेला माणूस एकदम वरच्या तारांवर जाऊन दोन दोन तारा एकत्र छेडतोय, गिटारची रिकामी झालेली जागा भरतोय. पहिला ठोका थोडा उशिरा पडतो, अगदी निसटता, दचकून सावरल्यासारखा, आणि मग तो अकरा सेकंद गाणं एकटा खांद्यावर घेऊन चालतो. २:५२ ला गिटार परत आली की हा गुपचूप खाली.

हेडफोनवर मला हे का कळलं नाही? कारण हेडफोनवर मी गिटार शोधत होते. जी नाही तिच्यावर परिच्छेद लिहिला आणि जो होता त्याच्याबद्दल अक्षर नाही.

ड्रमरला लगेच विचारलं की केबल गेली हे वाजवताना कुणाला कळलं होतं का. म्हणाला मला नाही, गिटारवाल्यालाही नाही, आमच्या कानात अँपचा आवाज थेट येत होता. पण बेसवाल्याची वायर सरळ मिक्सरमध्ये होती, स्वतःचं वाजवणं ऐकायला त्याला हेडफोन लागायचे, त्यामुळे कळलं असेल तर त्याला एकट्यालाच. पण तो काही बोलला नाही, तो तसा फार बोलतच नाही.

बस, एवढंच. एका माणसाच्या कानातून गिटार गेली, त्याला वाटलं मित्र अडकला, आणि त्याने गाणं पडू दिलं नाही.

त्याच रात्री, नंतर

झोप नाही. बझकॉक्स या पंक बँडचं पहिलं रेकॉर्ड आठवतंय, 'स्पायरल स्क्रॅच', जानेवारी १९७७. पाचशे पौंड उसने घेऊन मँचेस्टरच्या या पोरांनी स्वतःच लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं, चार गाणी एका दिवसात उरकली आणि पहिल्यांदा हजार प्रती छापल्या. इंग्लंडमध्ये 'आपलं आपण काढायचं' या प्रकाराची गोष्ट सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात, पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मागचं कव्हर. कुठलं गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्यांदा वाजवल्यावर, झालं, वरून काही जोडलंय की नाही, सगळं छापून टाकलंय. लपवायचं काही नाही, आम्ही असं असं केलं, बघा. माझ्या या तिघांनी कव्हरवर 'तिसरं गाणं : केबल गेली' असं छापलं असतं तर माझी केवढी फजिती वाचली असती. पण मग मी बेसपर्यंत पोचले असते का, तेही आहेच म्हणा.

बुधवार

आज ढीग उपसला. सात नवीन बँड. बँडकॅम्पवर, जिथे बँड आपली गाणी स्वतःच विकतात, टॅगवरून टॅगवर भटकत जायचं ही माझी जुनी पद्धत, अजून तिच्याइतकं काही चालत नाही. स्ट्रीमिंगवरही शोधते पण तिथे मला सगळं एकाच वळणाचं मिळायला लागलंय आणि त्याला कारण आहे, स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकणं मोजलंच जात नाही, मग पोरं पहिल्या पाच सेकंदांतच कोरस ओतून मोकळी होतात, प्रस्तावना म्हणून नाही. २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे छदामही मिळत नाही. आपल्या तिघांचं ते तिसरं गाणं आज सकाळपर्यंत तिथे २१२ वेळा वाजलं होतं, त्यातले निदान चाळीस माझे असतील.

सातपैकी दोन परत ऐकायच्या यादीत. एक चौघींचा बँड, गिटार इतकी चरचरीत की दात आंबतात, पण ड्रमर थांबते कुठे ते ऐकण्यासारखं आहे. दुसरा एकटाच माणूस, सगळं घरी केलेलं, ड्रम्स कॉम्प्युटरचे आणि ते कळतंच, दर चौथ्या ठोक्याला तोच आघात त्याच जोराने, माणूस इतका शिस्तीचा नसतो. गाणी मात्र चांगली आहेत. बाकी पाचांबद्दल लिहिणार नाही. पहिल्या रेकॉर्डला झोडपून मला काय मिळणार?

एक गंमत, यादी करताना चार ठिकाणी 'अमक्यासारखे वाटतात' असं लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. ते लिहिलं की ऐकण्याचं काम संपतं. त्याऐवजी आवाजाला शब्द शोधायला बसले तर आपल्याकडे ते किती आहेत! गच्च, भरीव, पोकळ, फाटका, घोगरा, किनरा, दणदणीत. भांडं घेताना वाजवून बघणाऱ्या बाईला स्नेअरबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगता येईल.

गुरुवार

ड्रमरने अल्बममधली गाणी पाठवली, अजून बाहेर यायची आहेत, कुणाला देऊ नका म्हणून. आठ गाणी, त्यात ते तिसरं परत रेकॉर्ड केलेलं, या वेळी नीट स्टुडिओत. खाली लिहिलंय, 'तुम्हाला तो भाग आवडला होता म्हणून आम्ही तो मुद्दाम तसाच ठेवलाय.'

पोटात गोळा आला.

लावलं. रेकॉर्डिंग उत्तम, खोटं कशाला बोला. पायाने वाजवायचा मोठा ड्रम छातीवर येतो, आवाज स्वच्छ, शब्द सगळे कळतात. दुसरा कोरस संपतो आणि गिटार लांब जाते. व्यवस्थित जाते, नंतर कॉम्प्युटरवर आवाजाची धार काढणारा फिल्टर लावून, मोजून अकरा सेकंद, शेवटी तीच बारीक खरखर, तीही कुठूनतरी आणून चिकटवलेली. फोनवर लावून बघितलं. बेस नाही. म्हणजे तो खालीच बसलाय, इतर सगळ्या गाण्यात वाजवतो तेच वाजवत. का नाही बसणार, या वेळी प्रत्येकाने वेगवेगळं, कानात टकटक ताल देणाऱ्या क्लिकवर वाजवलंय, तो वाजवत होता तेव्हा त्याच्या कानात गिटार पूर्ण होती, फिल्टर नंतर कधीतरी लागला. दचकायचं कशाला?

म्हणजे माझ्या परिच्छेदावरून त्यांनी गाणं बेतलं. चुकीच्या परिच्छेदावरून.

आता यावर माझंच मन उलट बोलतंय ते पण लिहून ठेवते. बिघाडाची नक्कल करायचीच नाही असं म्हटलं तर अर्धं रॉक संगीत पुसावं लागेल. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स या गायकाच्या, १९६१ मध्ये आलेल्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बेस फाटून, गुरगुरत बाहेर पडला. ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने नंतर तोच आवाज काढणारं सर्किट बनवलं आणि गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन नावाच्या पेटीत घालून विकायला काढलं. सुरुवातीला कुणी फारसं विचारलं नाही, १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सनी एका गाण्यात परत परत येणाऱ्या गिटारच्या सुरावटीला ती पेटी लावली आणि मग दुकानं रिकामी. बिघाड विकत मिळायला लागला आणि कुणाचं काही वाईट झालं नाही, उलट झालं ते छानच झालं. पण ती पेटी पायाखाली असली की वाजवणारा वेगळं वाजवायला लागतो, कमी स्वर घेतो, लांबवतो, ती त्याला ऐकू येत असते ना. इथे वाजवताना फिल्टर कुणालाच ऐकू आला नव्हता.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' अल्बम (१९८२) पण असाच, खरं तर ते या पोरांसारखं आपलं आपण काढलेलं इंडी बिंडी काही नाही, मोठ्या कंपनीचं. घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर केलेले डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, मग बँडला घेऊन स्टुडिओत परत करून बघितले, जमेना, शेवटी ती कॅसेटच बाहेर काढली. त्याला तसं करता आलं. या पोरांनी स्टुडिओचं भाडं भरलंय, त्यांना आता 'जुनंच बरं होतं' हे कुठल्या तोंडाने सांगू, आणि मी कोण सांगणार? त्यांना नवीनच आवडत असेल. ड्रमर तर खूश आहे, त्याचा स्नेअर पहिल्यांदा स्नेअरसारखा वाजलाय.

शुक्रवार, पहाटे

मेल चार वेळा लिहिला, चारही वेळा लेक्चर झालं. एकात तर बझकॉक्सचं कव्हर पण आलं होतं. सगळं खोडलं.

जुन्या रिव्ह्यूखाली एक ओळ जोडली आहे, की तिसऱ्या गाण्याबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं आहे, ती केबल होती, आणि तिथे ऐकायचा तो बेस. परिच्छेद काढला नाही, राहू दे, लाज वाटलेली बरी.

मग ड्रमरकडून बेसवाल्याचा पत्ता घेऊन त्याला एवढंच पाठवलं : 'ईपीतलं तिसरं गाणं फोनच्या स्पीकरवर लावा, हेडफोन नको. २:४१ ते २:५२. हे तुम्ही ठरवून केलं होतं का?'

दहा मिनिटांत उत्तर आलं. हा मुलगाही झोपत नाही वाटतं.

'नाही. पण मला वाटलेलं कुणालाच ऐकू आलं नाही.'