स्टॉरब्रिजचं आडवं चाक

परवा धाकट्या भावाला व्हिडिओ कॉलवर इथल्या, इंग्लंडमधल्या स्टॉरब्रिजची ही छोटी रेल्वेगाडी दाखवली. तो म्हणाला, "दादा, हे बघायला इंग्लंडला गेलास?" मला ते लागलं. म्हणून लिहायला बसलो.

स्टॉरब्रिज जंक्शन ते स्टॉरब्रिज टाउन. अंतर साधारण 1.3 किलोमीटर, प्रवास तीनेक मिनिटांचा, गाडीला डबा एकच. दिसायला रुळांवर चढवलेली मिनीबस. पण बाकांखाली, डब्याच्या मधोमध, जात्याच्या तळीसारखं आडवं ठेवलेलं 500 किलोचं पोलादी चाक फिरत असतं. इंजिन फोर्डचं, एलपीजीवर चालणारं, गाडीच्या मानाने अगदी लहान. ते चाकाला गती देत राहतं आणि सुटताना लागणारा जोर चाक पुरवतं. ब्रेक लागला की गाडीची गती परत चाकात. 2009 पासून रोजची फेरी याच पद्धतीने चालू आहे.

मी हायब्रिड गाड्यांच्या पॉवरट्रेनवर, म्हणजे ताकद तयार करून चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेवर काम करतो, तरी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उतरलोच नाही, त्याच गाडीने परत आलो. वाकून आवाज ऐकत होतो, तर कंडक्टर जवळ आला आणि चाक नेमकं कुठे आहे ते बोटाने दाखवून गेला. हसला नाही.

ऑफिसात मात्र एकच प्रश्न, "बॅटरी असताना हे कशाला?" बॅटरीत ब्रेकची ऊर्जा साठवायची तर गतीची वीज, विजेचं रसायन आणि मग उलटा प्रवास. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. इथे गती गतीच राहते. मी हिशेब मांडून पाहिला. भरीव तबकडी, व्यास सुमारे 1 मीटर, मिनिटाला 2,500 फेरे धरले, तर चाकात जेमतेम 0.6 युनिट विजेएवढी ऊर्जा मावते. ऐकायला फारच कमी. पण सुटायला ऊर्जा थोडीच लागते, ती झटक्यात मिळावी लागते, आणि चाक ती देतं.

खरी मेख जोडणीत आहे. गाडी थांबलेली असते तेव्हा चाक जोरात फिरत असतं, आणि गाडी वेग घेते तसतसं चाक मंदावत जातं. म्हणजे दोघांमधलं गियरचं गुणोत्तर क्षणाक्षणाला बदलायला हवं, पाच-सहा ठरावीक गियरचं हे काम नाही. इथे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन नावाची यंत्रणा तेलाच्या दाबावर ते सांभाळते. मला कौतुक आहे ते याचंच, चाकापेक्षाही जास्त.

2012 साली फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची मोटार शर्यत जिंकणारी ऑडी आर18 ई-ट्रॉन क्वात्रो ही ती शर्यत जिंकणारी पहिली हायब्रिड गाडी. तिच्यातही ऊर्जा फ्लायव्हीलमध्येच, म्हणजे अशाच फिरत्या चाकात साठत होती, मिनिटाला 45,000 फेऱ्यांपर्यंत. तिचे फोटो भावाने मला हौसेने पाठवले होते. तत्त्व तेच आहे, फक्त इथे प्रवासी बसतात.

चाकात उणीव नाही असं नाही. गाडी उभी राहिली की बेअरिंगचं घर्षण आणि हवा त्याची गती खात राहतात, रात्रभर काही टिकत नाही. लांब पल्ल्याला ते निरुपयोगी. पण जिथे दर काही मिनिटांनी थांबायचं आणि निघायचं, तिथे याच्याइतकं चोख काही मी पाहिलेलं नाही.

आणि हे आपल्याला परकं कुठे आहे? विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची ती दोन जड चाकं, हँडल मारताना दमवणारी आणि एकदा फिरली की इंजिनाला सावरून धरणारी, आपण बघतच मोठे झालो. तेच चाक आपण शहरातल्या बसखाली का नेलं नाही, हे मला सलतं. "परत कधी येतोस" असं विचारणाऱ्यांना मी पगाराचं कारण सांगतो, ते अर्धंच खरं आहे. एवढ्याशा मार्गावर एवढी साधी कल्पना वर्षानुवर्षं नेटाने चालवतात, ते रोज बघायला मिळतं, हेही एक कारण आहे.

भाऊ उन्हाळ्यात येणार आहे. त्याला आधी इथेच आणणार, मधल्या बाकावर बसवणार आणि गाडी सुटेपर्यंत काहीच सांगणार नाही.