तंत्रस्नेही शिक्षकाच्या हाती आधी मल्टिमीटर द्या

शाळेत नवा इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा) येतो तेव्हा तो कुठे लावायचा हे बहुतेक वेळा पुरवठादाराचा माणूसच ठरवतो. जिथे प्लग जवळ, तिथे ब्रॅकेट. तंत्रस्नेही शिक्षकाला हाक येते ती नंतर, आवाज येईना झाला की. त्यांची प्रशिक्षणंही ॲप कसं वापरायचं याचीच असतात. काय घ्यायचं, कशासाठी आणि पाच वर्षं सांभाळायचं कसं, हे कोणी शिकवत नाही.

या तयारीसाठी प्रत्येक शाळेतून दोघं घ्या. एकाचीच तयारी केली आणि त्याची बदली झाली, तर सगळी माहिती त्याच्यासोबत जाते. दोघांपैकी एक जण संगणकात फारसा न रमणारा असेल तर उत्तमच, सहकाऱ्यांचं घोडं कुठे अडतं ते त्याला लवकर दिसतं. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे जुलै-ऑगस्ट बरा. वर्ग भरलेले असतात आणि शिकलेलं लगेच शाळेत करून पाहता येतं.

सुरुवात मोजणीने. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, १२ संगणक असतात, पण सुरू किती होतात? प्रत्येकापाशी जाऊन बटण दाबायचं आणि वहीत खोली, चालू-बंद, वॉरंटीची तारीख, ॲडमिन पासवर्ड कोणाकडे, एवढं लिहायचं. शेवटच्या रकान्यात ‘कंपनीचा मुलगा’ असं लिहावं लागलं, तर नवीन खरेदीच्या आधी तो पासवर्ड मिळवा.

मग वीज. शिक्षक इथे बिचकतात, पण गणित सातवीचंच आहे. मॉनिटरसह एक डेस्कटॉप साधारण १५० वॅट धरला तर १० संगणकांचे १५०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा ॲम्पिअर. ही लाइन पंख्यांपासून वेगळी हवी. सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरने, म्हणजे वीज मोजायच्या छोट्या यंत्राने, मोजा. ते २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमनला बोलवा, खरेदी नंतर.

बॅकअपचं गणितही असंच. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. ती निम्म्याखाली उतरवायची नाही, शिवाय इन्व्हर्टरमध्ये काही वाया जातात. हाती राहतात सातशेच्या आसपास. २०० वॅटचा इंटरॅक्टिव्ह पॅनल आणि दोन पंखे मिळून ३५० वॅट, म्हणजे जेमतेम दोन तास.

नागपूरचा मे महिना बॅटरीचा खरा शत्रू. २५ अंशांच्या वर तापमान दर १० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि टिनाखालच्या बंद खोलीत पारा कुठे जातो ते इथे कोणाला सांगायला नको. त्यात ती सुटीभर उतरलेल्या अवस्थेत पडली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि जूनमध्ये चार्जच होत नाही. सुटीआधी पूर्ण चार्ज करा, खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरा, सावलीच्या हवेशीर जागी ठेवा आणि सुटीत एकदा चार्जिंगला कोण येणार त्याचं नाव लिहून ठेवा.

सहकाऱ्यांना ‘काय हवं?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं, टॅब. ‘कोणता पाठ अडतो?’ असं विचारा. भूगोलात समोच्च रेषा मुलं पाहतात, पण टेकडी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. त्याला वर्गात एक पॅनल पुरतो. वाचनात मागे पडलेल्या आठ मुलांना मात्र चार टॅब आणि हेडफोन लागतील. दोन्ही गरजांवर ३० टॅबचा संच हे उत्तर नव्हे.

इंटरनेटचं थोडक्यात: साध्या दर्जाच्या व्हिडिओला एक ते दीड एमबीपीएस वेग लागतो, २० मुलांनी एकदम लावला तर २० ते ३०. ग्रामीण शाळेत दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा मजकूर आदल्या दिवशी उतरवून ठेवणं शहाणपणाचं.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे जाताना एकच पान न्या: अडणारा पाठ, लागणारी वस्तू, किंमत आणि दरवर्षीचा खर्च. आमच्या मते खरेदीच्या रकमेतले शंभरातले वीस तरी देखभालीला बाजूला काढावेत. सदस्य कुरकुरतील, तेव्हा बॅटरीचं गणित दाखवा. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कोटेशन आणा नाहीतर आणखी कुठून, वॉरंटी डिलिव्हरीपासून की बसवल्यापासून ते ऑर्डरमध्येच लिहून घ्या. पॅनल सहा महिने खोक्यात पडून राहिला, तर पहिल्यांदा सुरू होण्याआधीच तेवढी वॉरंटी संपलेली असते.